चार फ्लोरिन औंसाची निळाई

पांढरे कपडे धुऊन झाले की शेवटच्या बादलीत चिमूटभर नीळ कालवण्याची रीत पुष्कळ घरांत अजून आहे. तुमच्याही घरी असेल. नीळ सांडली तर आई रागावते, पण ती फरशीला डाग पडला म्हणून. नीळ वाया गेली म्हणून नव्हे. वाण्याकडची ही स्वस्तातली वस्तू. पण हीच पंचवीस ग्रॅमची पुडी घेऊन तुम्ही इ. स. १४८५ मधल्या फ्लॉरेन्स शहरात उतरला असता, तर तिथल्या कोणत्याही चित्रकाराने तुमच्याभोवती घिरट्या घातल्या असत्या. त्या पुडीची किंमत त्याच्या एका महिन्याच्या हप्त्याहून जास्त झाली असती! हा हिशेब पुढे आपण दोघे मिळूनच करू.

आधी एक खुलासा. कापडाला घालायची ही भुकटी म्हणजे अल्ट्रामरीन नावाचा खनिज रंग, कारखान्यात तयार केलेला. बिहार-बंगालच्या शेतांत पिकणारी, जिच्यासाठी इंग्रज मळेवाल्यांनी शेतकऱ्यांना नाडले, ती नीळ वनस्पतीची. ती वेगळी.

एक करारपत्र

फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी एक आश्रम होता. त्याचे नाव ‘इन्नोचेन्ती’, म्हणजे निष्पाप बालके. ब्रुनेल्लेस्की या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाने १४१९ मध्ये त्याच्या इमारतीचे काम सुरू केले आणि १४४५ मध्ये तिथे पहिले मूल दाखल झाले. रेशीमवाल्यांचा व्यापारी संघ हा आश्रम चालवीत असे. या आश्रमाच्या चर्चमधील वेदीसाठी मोठे चित्र हवे होते. बाल येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून तीन ज्ञानी राजे आले, हा चित्राचा विषय. आश्रमाचे प्रमुख फ्रान्चेस्को तेसोरी यांनी हे काम दोमेनिको गिर्लान्दायो या चित्रकाराला दिले आणि २३ ऑक्टोबर १४८५ रोजी दोघांत करार झाला. करारपत्र लिहिले ते फ्रा बेर्नार्दो यांनी. (याच गिर्लान्दायोकडे पुढे १४८८ मध्ये तेरा वर्षांचा मायकेलअँजेलो उमेदवारीला राहिला.)

हा करार आजही वाचायला मिळतो, आणि वाचताना गंमत वाटते. आपल्याला वाटते, चित्र म्हणजे कलावंताची स्फूर्ती. इथे पाहावे तर घर बांधणाऱ्या गवंड्याशी करावा तसा व्यवहार! चित्र तीस महिन्यांत पुरे करायचे. मोबदला ११५ मोठे फ्लोरिन. त्यांपैकी दरमहा तीन फ्लोरिन हप्त्याने आणि उरलेले काम संपल्यावर. वेळेत दिले नाही तर चित्रकाराला पंधरा फ्लोरिन दंड. रंगांचा खर्च चित्रकाराचा. चित्र ११५ फ्लोरिनच्या तोडीचे वाटले नाही, तर बेर्नार्दोबुवांनी जाणकारांचा सल्ला घेऊन रक्कम कमी करायची. आणि या सगळ्यात एक विलक्षण कलम होते : निळा रंग वापरायचा तो अल्ट्रामरीनच, आणि तोही औंसाला सुमारे चार फ्लोरिन भावाचा.

हिरव्या-तांबड्या रंगांसाठी ‘चांगले रंग’ एवढे म्हणून भागले. सोन्याचा वेगळा उल्लेख आहे. पण भाव लिहिला तो फक्त निळ्याचा. असे का?

मायकेल बॅक्सँडल या ब्रिटिश कलेतिहासकाराने हा प्रश्न गंभीरपणे घेतला. त्यांचा जन्म १९३३ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे झाला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांनी शिल्पांच्या विभागात काम केले, मग वॉरबर्ग इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेत आणि पुढे अमेरिकेत बर्कली येथे अध्यापन केले. २००८ मध्ये ते वारले. पंधराव्या शतकातील इटलीची चित्रकला आणि तिथल्या लोकांचा रोजचा अनुभव यांची सांगड घालणारे त्यांचे एक लहानसे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. जुनी करारपत्रे अभ्यासकांना त्यापूर्वीही ठाऊक होतीच. कोणते चित्र कोणी, केव्हा काढले हे ठरवण्यासाठी ती चाळली जात. बॅक्सँडल यांनी त्याच कागदांना निराळा प्रश्न विचारला : ज्याने पैसे मोजले, त्याला चित्रात काय दिसत होते?

समुद्रापलीकडचा दगड

त्यासाठी प्रथम त्या निळ्या रंगाचा प्रवास पाहू. ‘अल्ट्रामरीन’ या शब्दाचा अर्थच समुद्रापलीकडचा. हा रंग लाजवर्द नावाच्या दगडापासून काढीत. संस्कृतात याला राजावर्त म्हणतात. त्याची खाण अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात, कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संग या ठिकाणी आहे, आणि हजारो वर्षे तिथून हा दगड निघतो आहे. तेथून उंट-खेचरांच्या पाठीवरून, मग गलबतांतून तो व्हेनिसला पोचायचा.

पण दगड हाती आला म्हणजे रंग मिळाला, असे नाही. लाजवर्द कुटून नुसती भुकटी केली तर ती राखाडी, मळकट दिसते. कारण त्या दगडात लाझुराइट या निळ्या खनिजाबरोबर पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी ठिपक्यांचा पायराइट मिसळलेला असतो. त्यांतून नेमके निळे कण वेगळे कसे काढायचे? १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने लिहिलेल्या ग्रंथात ही कृती दिलेली आहे. दगडाची बारीक पूड करायची. पाइन वृक्षाची राळ, रुमी मस्तकी आणि मेण वितळवून त्यात ती मिसळायची. कणकेसारखा गोळा करायचा. हा गोळा निदान तीन दिवस आणि तीन रात्री तसाच ठेवून अधूनमधून मळायचा. नंतर तो राखेच्या कोमट अल्कधर्मी पाण्यात दोन काठ्यांनी रगडायचा. निळे कण सुटून पाण्यात उतरतात आणि गाळ मेण-राळेत अडकून राहतो. पहिल्या पाण्यात सर्वांत गडद निळा येतो. पुढच्या प्रत्येक पाण्यात तो फिका होत जातो. शेवटचे पाणी राखेहूनही हलके, असे चेन्नीनीने बजावले आहे. पहिल्या दोन पाण्यांतल्या रंगाला मात्र औंसाला आठ डुकाट मिळतील, असे तो म्हणतो.

म्हणजे एकाच दगडातून निरनिराळ्या प्रतींचा निळा निघे. नुसते ‘अल्ट्रामरीन वापरा’ म्हणून भागत नव्हते, भावच लिहावा लागे, तो यामुळे. १४०८ मधल्या एका करारात स्तार्नीना नावाच्या चित्रकाराला सांगितले होते, की मेरीमातेच्या वस्त्राला दोन फ्लोरिनचा निळा वापर. बाकी चित्राला एक फ्लोरिनचा चालेल.

आता हिशेब करू. पुस्तकांतून ‘अल्ट्रामरीन सोन्याहून महाग होते’ असे सर्रास लिहिलेले आढळते. आपण पडताळून पाहू. फ्लोरिन हे जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे; वजन सुमारे ३.५ ग्रॅम. चार फ्लोरिन म्हणजे १४ ग्रॅम सोने. फ्लॉरेन्सचा औंस सुमारे २८.३ ग्रॅमचा. म्हणजे बेर्नार्दोबुवांचा निळा रंग सोन्याच्या निम्म्या भावाचा होता. डुकाटही तेवढ्याच वजनाचा, तेव्हा चेन्नीनीचा आठ डुकाटांचा पहिला निळा नेमका सोन्याच्या भावाचा निघतो. म्हणजे ‘सोन्याहून महाग’ हे थोडे वाढवून सांगितलेले. पण फार नव्हे. आणि तुमची पंचवीस ग्रॅमची पुडी? चार फ्लोरिनच्या भावाने तिचे साडेतीन फ्लोरिन झाले असते. गिर्लान्दायोचा महिन्याचा हप्ता तीनच फ्लोरिनचा होता.

अंगावरून उतरवलेला झगा

सासेत्ता या चित्रकाराने १४३७ ते १४४४ या काळात बोर्गो सान सेपोल्क्रो या गावातील चर्चसाठी संत फ्रान्सिसच्या जीवनावर चित्रे काढली. त्यांतली बरीचशी आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. एका चित्रात तरुण फ्रान्सिस आपला झगा एका दरिद्री झालेल्या सैनिकाला देऊन टाकतो. आपल्याला दिसते ते एवढेच : एकाने दुसऱ्याला निळे वस्त्र दिले. फार तर म्हणू, रंग छान आहे. पण बॅक्सँडल दाखवतात, की हा झगा अल्ट्रामरीनने रंगवलेला आहे. त्या गावातल्या व्यापाऱ्याने चित्र पाहिले तेव्हा त्याच्या नजरेला पहिल्यांदा काय भिडले असेल? फ्रान्सिसने काय देऊन टाकले, ते! त्यागाची किंमत रंगातच सांगितलेली होती, आणि ती वाचण्याची सवय पाहणाऱ्याला बाजारात लागलेली होती. सराफाला सोन्याचा कस जसा नुसता पाहून अंदाजता येतो, तशी.

बॅक्सँडल यांनी या सवयीच्या नजरेला ‘त्या काळाची नजर’ असे म्हटले. डोळ्यांची रचना सर्व माणसांत सारखीच. पण डोळ्यांनी धाडलेल्या खुणांचा अर्थ मेंदू लावतो, आणि तो जन्मभर जे शिकला त्याच्या मदतीने लावतो. कातकरी माणूस रानातून चालताना जे पाहतो, ते तुम्हांआम्हांला तिथेच असून दिसत नाही. तसेच हे.

जिथे भाव आला तिथे लबाडीही आलीच. अल्ट्रामरीनऐवजी अझुराइट या तांब्याच्या खनिजापासून केलेला स्वस्त निळा वापरता येई. इटलीत त्याला जर्मनीचा निळा म्हणत. तो किंचित हिरवट दिसतो. पुष्कळदा चित्रकार उघडपणेच खाली अझुराइटचा थर देऊन वर अल्ट्रामरीनचा पातळ हात फिरवीत. त्यात काटकसर होती, फसवणूक नव्हे. आज हे ओळखायचे कसे? मोहरीच्या दाण्याहून लहान कण चित्राच्या कडेवरून घेऊन, तो पारदर्शक राळेत बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर केकच्या कापासारखे सगळे थर दिसतात. क्ष-किरणांचा मारा केला तर अझुराइटमधले तांबे लगेच आपली विशिष्ट किरणे बाहेर टाकून ओळख देते. अल्ट्रामरीनमध्ये तांबे नाहीच. त्यात सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा पिंजऱ्यासारखा सांगाडा असतो आणि पिंजऱ्यात तीन-तीन गंधक अणूंचे विद्युतभारित गट कोंडलेले असतात. हे गट पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतात, म्हणून आपल्याला उरलेला निळा दिसतो. पिवळ्या गंधकातून निळा रंग, हे मला तरी अजून नवलाचे वाटते.

हा पिंजरा आम्लाने मोडतो. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर आणि खिडक्या उघड्या ठेवून, परीक्षानळीत निळीची चिमूटभर भुकटी घ्या आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब टाका. निळा रंग उडेल आणि सडक्या अंड्यांचा वास येईल. तो हायड्रोजन सल्फाइड. विषारी वायू आहे, तेव्हा नळीला नाक लावू नका आणि चिमटीपेक्षा जास्त भुकटी घेऊ नका. (बाटलीतली पातळ नीळ या प्रयोगाला चालणार नाही, ती बहुधा निराळ्या रंगद्रव्याची असते.)

अल्ट्रामरीनचा भाव उतरला तो रसायनशास्त्रामुळे. १८२४ मध्ये फ्रान्समधील उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. १८२८ मध्ये ते गिमे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला मिळाले. त्याच वर्षी जर्मनीत ग्मेलिन यानेही आपली कृती प्रसिद्ध केली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून आता हवा तेवढा निळा मिळू लागला, आणि राजावर्ताचा रंग धुण्याच्या बादलीत आला.

हाताची किंमत

परंतु बॅक्सँडल निळ्यावर आणि सोन्यावरच थांबले नाहीत. पंधरावे शतक सरत गेले तसे करारांत सोन्याचे महत्त्व कमी होत गेले आणि ‘हे कोण रंगवणार?’ हा प्रश्न पुढे आला, असे त्यांना दिसले. १४४५ च्या एका करारात पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराखेरीज कोणी कुंचला लावायचा नाही, असे कलम आहे. १४८७ मध्ये फिलिप्पीनो लिप्पी याला आपल्या हाताने, विशेषतः मानवी आकृती स्वतःच रंगवण्याचे बंधन घातले होते. कारण उघड आहे : चित्रशाळेत मदतनीस असत, आणि गुरूच्या हाताचा भाव वेगळा होता. १४४७ मध्ये पोपसाठी काम करताना फ्रा आंजेलिको याला वर्षाला २०० फ्लोरिन मिळत. त्याचा मुख्य सहायक बेनोत्सो गोत्सोली याला महिन्याला ७, म्हणजे वर्षाला ८४. बाकीच्यांना त्याहून फारच कमी.

हा बदल सगळ्या यजमानांना मानवला नाही. फेरारा शहराचा ड्यूक बोर्सो याने आपल्या राजवाड्यातील भिंतीचित्रांचे पैसे चौरस फुटावर लावले : फुटाला दहा बोलोन्यीनी, सर्वांना सारखे. फ्रान्चेस्को देल कोस्सा या गुणी चित्रकाराने मार्च १४७० मध्ये ड्यूकला पत्र लिहून गाऱ्हाणे घातले, की मी एवढा अभ्यास केला, चांगले रंग वापरले आणि मला इथल्या अगदी सामान्य शिकाऊ हाताच्या पंक्तीला बसवता! ड्यूकने ठरलेल्या दरावरच समाधान मानायला सांगितले. कोस्सा बोलोन्याला निघून गेला. त्याने रंगवलेले मार्च, एप्रिल आणि मे हे महिने फेराराच्या स्किफानोया राजवाड्याच्या भिंतीवर आजही पाहायला मिळतात. शेजारच्या भिंतींवरची इतरांची कामे पाहावीत आणि मग चौरस फुटाचा दर आठवावा!

पीप आणि तंबू

आता या संशोधनातला मला सर्वांत आवडणारा भाग. फ्लॉरेन्समधील व्यापाऱ्यांची मुले दहा-अकराव्या वर्षी हिशेबाच्या शाळेत जात. तिथे दोन गोष्टी घोटून घेतल्या जात. एक म्हणजे त्रैराशिक. सात ब्राच्चा कापडाला नऊ लिरा, तर पाच ब्राच्चांना किती? ही रीत आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सांगितलेली. ‘त्रैराशिक’ हे नावही तेव्हापासूनचे. भारतीय अंकांसह ती अरबांमार्फत इटलीत गेली.

दुसरी गोष्ट मोजमापाची. त्या काळी पिंपे, गाठोडी, पोती ठरावीक आकाराची नसत. दारूचे प्रत्येक पीप निराळे. तेव्हा त्यात किती माल मावतो, हे व्यापाऱ्याला पाहून आणि गणिताने काढावे लागे. आकाराचे मनातल्या मनात शंकू, दंडगोल असे तुकडे पाडण्याची त्याला सवयच होती. अशी गणिते शिकवणारे एक पुस्तक कोणी लिहिले असेल? वर आलेल्या त्याच पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने! मोठा चित्रकार, आणि व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे पुस्तक लिहिणारा गणिती, दोन्ही एकच माणूस.

त्याच्या पुस्तकातले एक गणित असे. एक पीप आहे. दोन्ही टोकांना व्यास २ ब्राच्चा, मध्यभागी सव्वादोन, आणि टोक व मध्य यांच्या बरोबर मध्ये २ पूर्णांक २/९. पिपाची लांबी २ ब्राच्चा. (ब्राच्चा म्हणजे हातभर माप, सुमारे ५८ सेंटिमीटर.) तर पिपाचे घनफळ किती? नववी-दहावीच्या मुलांना हे यायला हरकत नाही. पिपाचे मनाने चार काप पाडा. प्रत्येक काप म्हणजे टोक छाटलेला शंकू.

आता पिएरोचे मोंतेर्की गावातील गरोदर मेरीचे चित्र पाहा. दोन देवदूत तंबूचा पडदा बाजूला सारीत आहेत. तंबू म्हणजे खाली दंडगोल, वर शंकू. हिशेबाच्या शाळेतून आलेला व्यापारी त्या तंबूसमोर उभा राहिला की त्याचे मन आपोआप मापे घेऊ लागे, आणि रंगवलेला सपाट पडदा त्याच्यापुढे खरोखर पोकळ, भरीव होऊन उभा राही. चित्रकाराला हे माहीत होते. त्याने जणू प्रेक्षकाच्या डोक्यातले गणितच रंगासारखे वापरले.

बॅक्सँडल यांच्यावर टीकाही झाली. ही नजर कोणाची? पैसेवाल्या, हिशेब शिकलेल्या पुरुषांची. त्यांच्या घरातल्या बायका, शेतकरी, आश्रमातली दाई हे लोकही त्याच चित्रांपुढे गुडघे टेकीत होते. त्यांना काय दिसे? ही शंका रास्त आहे. त्यांची करारपत्रे नाहीत, म्हणून त्यांच्या नजरेचा माग काढणे अवघड आहे. इन्नोचेन्तीच्या चित्रात राजांच्या पुढे, अगदी जमिनीलगत, पांढऱ्या कपड्यांतली दोन लहान मुले गुडघे टेकून बसलेली आहेत. हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांपैकी ती. आश्रमातल्या मुलांनी त्या वेदीकडे पाहताना चार फ्लोरिनचा निळा पाहिला असेल, की ही दोन मुले? चित्र आजही फ्लॉरेन्समध्ये त्याच आश्रमाच्या संग्रहालयात आहे.

आणि पिपाचे उत्तर : पाय म्हणजे २२/७ धरले तर घनफळ सुमारे ७.४३ घन ब्राच्चा येते. पिएरोने ते अपूर्णांकात काढले आहे, आणि त्याचा छेद आहे ५४४३२. तुमचाही तोच येतो का, पाहा. कापडाचे त्रैराशिक मात्र सोपे आहे. ते तुम्ही एव्हाना सोडवले असेलच.